मारुतीच्या तेलावर चाललेला ट्रक

मित्रांनो, मी एक जुना लष्करी ट्रक आहे. ट्रक म्हणा, गाडी म्हणा, गावकऱ्यांसारखं 'मिल्ट्री' म्हणा; फक्त भंगार म्हणू नका. तो शब्द ऐकला की माझे उरलेसुरले नटबोल्टही ढिले होतात. गेली काही वर्षं मी मारुतीच्या देवळामागे लिंबाखाली उभा आहे. चाकांभोवती गवत वाढलंय, बॉनेटवर कोंबड्या बसतात, आणि एका कोंबडीनं तर माझ्या सीटखाली अंडी घालायचा परिपाठच ठेवलाय. पण माझेही दिवस होते. ते आज सांगतो.

माझा जन्म जबलपूरचा. अंगाला हिरवा रंग लागला, दारावर पांढरे आकडे पडले आणि मी फौजेत दाखल झालो. माझं इंजिन डिझेलचं, पण खाण्याच्या बाबतीत कुरकुर न करणारं. लढाईत कुठे काय तेल मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून घडवणाऱ्यांनी मला तसं घडवलं होतं. तुमच्या चुलीला गोवऱ्या, काटक्या, तुराट्या सगळं चालतं ना, तसंच. तेव्हा मला या गुणाचं काही अप्रूप नव्हतं. कोठारात डिझेल भरपूर होतं आणि मी ऐटीत होतो. डोंगरातलं बर्फ पाहिलं, एकाहत्तरच्या लढाईत दारूगोळा वाहिला.

माझा शेवटचा फौजी ड्रायव्हर मच्छिंद्र. राहुरीकडचा गडी, मिशा झुबकेदार आणि मारुतीचा मोठा भक्त. त्यानं माझ्या स्टिअरिंगखाली खिळ्यानं मारुतीचं चित्र कोरलं होतं. चित्र काही धड जमलं नव्हतं, शेपूट तेवढी ओळखू यायची. लढाई संपली, तो पेन्शनीवर घरी गेला आणि मी नगरच्या छावणीत लिलावाच्या रांगेत उभा राहिलो. एके दिवशी एक हात दारातून आत आला आणि स्टिअरिंगखाली चाचपू लागला. बोटांना शेपूट लागली.

"हीच ती!" मच्छिंद्र ओरडला. गावातल्या चौघांना बरोबर घेऊन त्यानं मला सोडवून आणलं. खरं सांगतो मित्रांनो, मला रडता येत असतं तर मी तिथेच रडलो असतो.

त्याच वर्षी पाऊस गेला. बहात्तर साल; तो दुष्काळ कसा होता ते तुमच्या घरच्यांना विचारा. माझ्या पाठीवर लोखंडी टाकी चढली आणि दारूगोळा वाहणारा मी पाणी वाहू लागलो. मुळा नदीचं पाणी भरायचं आणि दर मंगळवारी नि शुक्रवारी पांढरमाळावरच्या वस्तीला न्यायचं. तीसेक घरांची वस्ती. विहीर कोरडी ठणठणीत. मी विहिरीत पाणी ओतायचो आणि बाया पोहऱ्यानं शेंदून घ्यायच्या. प्रत्येक घागरीच्या तोंडावर फडकं. पाणी गाळल्याशिवाय कोणी घरात नेत नसे.

वस्तीचे पुरुष दूर खडी फोडायच्या कामावर गेलेले. मागे वस्ती सांभाळायची ती आक्काबाईनं. साठीची, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती खिंडीच्या वळणावर उभी राहायची आणि मी पोचलो की तापलेल्या बॉनेटवर हात ठेवून म्हणायची, "आली गं माझी बाय!" मी ट्रक, पण तिच्या तोंडून 'बाय' ऐकायला मला फार गोड वाटायचं.

मग चैत्र लागला आणि डिझेलचा तुटवडा पडला. पंपावर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि पंपवाले हात वर करू लागले. तेव्हा मच्छिंद्रला माझा तो जुना गुण आठवला. त्यानं नगरच्या गॅरेजांतून इंजिनात जळून काळं झालेलं टाकाऊ ऑइल गोळा केलं, घाण्यावरून करंजाचं कडू तेल आणलं. सकाळी थोड्याशा डिझेलवर मला जागं करायचं, अंग तापलं की हे तेल पाजायचं, आणि संध्याकाळी पुन्हा चार घोट डिझेल देऊन निजवायचं, अशी त्यानं रीत घातली. त्यासाठी डिझेलचा एक वेगळा डबा माझ्या कुशीला बांधला. चव विचारू नका. धूर असा निघायचा की रस्त्यातली म्हसरं तोंड फिरवायची. पण मी चालत होतो.

मी चालत होतो ते खरं तर बनुबाईमुळे. ही मच्छिंद्रची बायको. काळं तेल दोन दिवस निवळत ठेवायचं, वरचं तेवढं हलक्या हातानं काढायचं आणि जुन्या लुगड्याच्या तीन पदरी घडीतून गाळायचं, हे काम तिचं. तळाच्या तेलाला ती हात लावू देत नसे. फौजेतल्या साहेबांनीसुद्धा माझ्या पोटाची एवढी काळजी घेतली नव्हती.

वैशाखात तेही संपलं. घाण्यावर करंजाच्या बिया उरल्या नाहीत. गाड्याच उभ्या राहिल्या, तर गॅरेजात ऑइल येणार कुठून? एक मंगळवार माझी खेप चुकली. बुधवारी आक्काबाई पाच मैल तुडवत गावात आली आणि तिनं मच्छिंद्रला मारुतीच्या देवळापुढेच गाठलं.

"मच्छिंद्रा, शुक्कारी गाडी आली न्हाई तर शनवारी आमी वस्ती उठवतो," ती म्हणाली. "कोपरगावकडं जाऊ, उसाच्या मुलखात. बोचकी बांधून ठेवल्यात. बायामानसं तर हितं ऱ्हायाला न्हाई म्हनायला लागली आता."

"आक्का, शुक्कारी गाडी येनार," मच्छिंद्र बोलून गेला. बोलला खरा, पण तेल कुठून आणणार याचा त्याला पत्ता नव्हता.

आता आमच्या मारुतीची गोष्ट ऐका. दर शनिवारी पंचक्रोशीतली माणसं त्याच्या अंगावर तेल वाहतात. ते ओघळून देवळामागच्या दगडी दोणीत जमतं. अंगावरून आलेलं ते तेल कोणी घरी नेत नाही. वर्षानुवर्षांची ती दोणी तुडुंब भरलेली. गोरक्ष गुरव देवळाच्या पायरीवर बसून हे सगळं ऐकत होता. तो शांतपणे म्हणाला, "घेऊन जा. देवाचं तेल, देवाच्याच लेकरांसाठी जाईल."

मच्छिंद्रचे डोळे भरून आले. त्यानं आंघोळ केली, ओल्या अंगानं दोणीतून डबे भरले आणि घरी आणले. बनुबाई नेहमीप्रमाणे लुगड्याची घडी घेऊन पुढे आली.

"फडकं ठेव तिकडं," मच्छिंद्र म्हणाला. "ह्ये देवाच्या अंगावरचं त्याल हाय. नेसल्या लुगड्यातनं गाळलं तर इटाळ हुईल."

"अवं, तळाला गाळ दिसतोय."

"त्यो गाळ न्हाई. शेंदूर हाय."

बनुबाईचं तोंड उतरलं. "तुमची मर्जी," म्हणून ती घडी घेऊन घरात गेली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे मच्छिंद्रा, तिचं ऐक! पण आम्हा ट्रकांना हॉर्नशिवाय वाचा नाही, आणि तोही दाबणाऱ्याच्या हातात. त्यानं 'बजरंगबली की जय' म्हणून सगळे डबे तळासकट माझ्या तेलाच्या टाकीत रिकामे केले.

शुक्रवारी सकाळी पाण्यानं भरून मी निघालो. तेल छान होतं. तिळाचं, शेंगदाण्याचं, करडईचं, सगळं एकत्र. धूरसुद्धा देवळासारखा वास मारत होता. नदीवरून गाडीरस्त्याच्या वळशानं दहा मैल मी मजेत गेलो. पण पांढरमाळाची चढण लागली, टाकीतलं तेल हिंदकळलं आणि तळाचा शेंदूर नळीत शिरला. माझा श्वास कोंडला. मी दोनदा खोकलो, तिसऱ्यांदा आचका दिला आणि खिंडीच्या खाली थांबलो. मच्छिंद्रनं स्टार्टर मारला, शिव्या दिल्या, शिव्या दिल्याबद्दल मारुतीची माफी मागितली. मग तो मागच्या चाकाला दगड लावून रस्त्यातच बसला. "देवाच्या तेलानं दगा दिला," असं तो म्हणाला आणि दोन्ही हातांत तोंड झाकलं. मला फार लाज वाटली, कारण वस्ती फक्त मैलभर वर होती.

वर आक्काबाईनं माझा आवाज ऐकला होता आणि तो बंद पडलेलाही ऐकला. ती आणि दहाबारा बाया घागरी घेऊन खाली उतरल्या. आधी त्यांनी पाण्याच्या टाकीच्या तोटीखाली घागरी लावल्या, फडकी बांधली, पाणी घेतलं. मच्छिंद्र मान वर करेना. आक्काबाईनं त्यानं उघडून ठेवलेल्या फिल्टरच्या भांड्यातला लाल चिखल बोटावर घेऊन पाहिला.

"ह्ये काय? त्याल गाळलं न्हाईस व्हय?"

"देवाचं त्याल, आक्का. गाळायचं कसं?"

आक्काबाईनं आपली घागर त्याच्यापुढे ठेवली. "ह्ये पानी कुनाचं?"

"मुळामायचं."

"मुळामाय देव न्हाई का? तिची खना-नारळानं वटी भरतो आमी. तरीबी तिचं पानी गाळूनच पितो ना? आरं, गाळलं म्हंजी देवाचा अपमान न्हाई हुत. गाळतो ते आपल्या पोटासाठी."

मच्छिंद्र उठून उभा राहिला. मग आक्काबाईनं आपल्या घागरीवरचं फडकं सोडलं, पिळून उन्हात दगडावर टाकलं आणि ते खडखडीत वाळेपर्यंत तिथेच बसून राहिली. "पान्याचा थेंब असंल तर परत खोकंल ती," म्हणाली. इंजिनाचं ज्ञान तिला कोणी दिलं होतं देव जाणे, पण बोलली ते सोळा आणे खरं. मच्छिंद्रनं माझी तेलाची टाकी दोनचार रिकाम्या घागरींत उपसली, नळी फुंकून साफ केली, फिल्टर डिझेलनं धुतला. बायांनी फडक्यातून तेल गाळून पुन्हा टाकीत घातलं. फडकं लालभडक झालं आणि खाली स्वच्छ सोनेरी धार पडली. नळीतली हवा काढून मच्छिंद्रनं स्टार्टर मारला. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मी असा गर्जलो की घागरीवाल्या बाया दचकून मागे सरल्या.

दुपार कलायच्या आत मी उरलेलं पाणी वस्तीच्या विहिरीत ओतलं. दारादारात बांधून ठेवलेली बोचकी मी पाहिली, आणि ती सुटतानाही पाहिली. शनिवारी वस्ती उठणार होती. त्या शनिवारी आक्काबाई तेलाची वाटी घेऊन मारुतीला आली.

मच्छिंद्र त्याच शुक्रवारी घरी पोचला तेव्हा बनुबाई चुलीपुढे होती. तो दारातच उभा राहिला. "बनू, तुझं फडकं दे," एवढंच तो म्हणाला. तिनं वळून न बघता घडी पुढे केली. पुढचे दोन महिने त्या दोघांनी मिळून तेल गाळलं आणि माझी एकही खेप चुकली नाही.

मग चांगली वर्षं आली, वस्तीच्या विहिरीला पाणी लागलं, आणि मला काम उरलं नाही. माझं इंजिनही आता आतून गंजलंय. मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरी पाण्याचं इंजिन असो, शिलाईचं यंत्र असो की सायकल असो, तिच्या पोटात काय जातंय ते बघत जा. श्रद्धेनं दिलंत तरी बघून द्या. आणि काम संपलं म्हणून तिच्याकडे पाठ फिरवू नका.

माझ्याकडे तशी पाठ कोणी फिरवलेली नाही. आक्काबाई अजून शनिवारी पाच मैल चालत येते. मारुतीला तेल वाहते आणि वाटीत घोटभर राखून देवळामागे येते. बनुबाई माझ्या टाकीच्या तोंडावर फडकं धरते, आणि आक्काबाई ते घोटभर तेल त्यातून सावकाश ओतते. मी आता चालणार नाही हे त्या दोघींनाही ठाऊक आहे. तरी त्या गाळूनच घालतात.