मस्कतला जाण्याआधीचं इंजेक्शन

कमरेतली कळ डाव्या मांडीतून पोटरीत आणि तिथून अंगठ्यापर्यंत उतरली की पदू बोलायचा नाही. भिंतीला हात टेकून नुसता उभा राहायचा. शकूला नवऱ्याच्या त्या गप्प होण्यावरूनच कळायचं, आता ह्याला हाक मारायची नाही.

साजगावच्या कारखान्यात तो वेल्डर होता. जड पाइप उचलून उचलून कंबर गेली होती. आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात मस्कतचं काम आलं. शकूचा भाऊ पोपट आधीच तिकडे होता, त्यानेच शब्द टाकला होता. मुंबईत डॉक्टरी तपासणी झाली तेव्हा दुखणं एवढं नव्हतं. आता विमानाचा दिवस जवळ आला आणि माणसाला ओटीची पायरी उतरता येईना.

"कर्जतला हाडांचा डॉक्टर येतो मुंबैवरनं, दर बुधवारी," शेजारच्या गजाने सांगितलं. "त्याची एक सुई बसली का माणूस धावतो."

शकू त्याला घेऊन कर्जतला गेली. डॉक्टर टिपणीस वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी पदूला पालथं झोपवलं आणि माकडहाडाशी लांब सुई घातली. पडद्याच्या फटीतून शकूला त्याची टेबलाच्या कडेवर आवळलेली बोटं दिसत होती.

"हे कॉर्टिझोन आहे," हात धुताना डॉक्टर म्हणाले. "सुजेवरचं औषध. कळ थांबेल. पण मणक्यातली गादी सरकलेली आहे, ती याने जागेवर येत नाही. दुखत नाही म्हणजे बरं झालं असं समजू नका. पंधरा दिवस वजन उचलायचं नाही, प्रवास करायचा नाही. वेगळं काही वाटलं तर लगेच या."

"व्हय सायब," पदू म्हणाला.

मस्कतचं नाव त्याने काढलं नाही. शकू बोलणार होती, पण त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिचे शब्द तोंडातच राहिले.

तीन-चार दिवसांत पदू ताठ चालायला लागला. सासू गौराबाईने त्याच्यावरून मीठमिरची ओवाळून टाकली. गजासमोर त्याने भाताचं पोतं एका झटक्यात खांद्यावर घेऊन दाखवलं.

"बगितलंस?" तो हसत म्हणाला. "कळ कुठं गेली त्याचाच पत्ता नाय."

सगळे हसले. शकूलाही बरं वाटलं, दुसऱ्या दिवसापर्यंत.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या मागून शेताच्या बांधावरून येत होती. वाटेत तिला त्याची डावी चप्पल पडलेली दिसली. पदू बराच पुढे गेला होता. एक पाय अनवाणी, आणि त्या पायाचा चवडा दर पावलाला जमिनीवर फट्दिशी आपटत होता. खडी, ढेकळं, कशाचंच त्याला काही नव्हतं.

"आवं, चप्पल," तिने ती पुढे केली.

त्याने पायाकडे पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा रिकामा झाला. "पट्टा सैल झालाय," तो म्हणाला.

पट्टा सैल नव्हता. शकूने ओढून पाहिला होता.

त्याच संध्याकाळी तो चुलीपाशी जेवायला बसला. लाकूड सारताना एक निखारा सुटला आणि त्याच्या डाव्या पावलावर जाऊन पडला. शकू चिमटा शोधायला वळली. तो ओरडेल, पाय झटकेल, असं तिला वाटलं. पण पदू घास चावत विमानाचंच बोलत राहिला. मग जळक्या कातडीचा वास आला. तिने हातानेच निखारा उडवला.

"कुणाला सांगू नको," तो हळूच म्हणाला. "आयेला तर नायच."

"डॉक्टरकडं चला."

"डॉक्टर जाऊ देल का? माझी जागा दुसरा घेल, शकू. तिकडं गेलो का बरा व्हईन."

गौराबाई ओटीवर बसून सुपारी कातरत होती. शकूने भाजलेल्या जागेवर खोबरेल लावलं. रात्रभर तिला त्याचा पाय आपल्या पायाला लागत राहिला, आणि तो नेहमीपेक्षा थंड वाटत राहिला.

निघायच्या सकाळी गजा सोबत आला. खालापूरच्या एसटी स्टँडवर गर्दी बेताची होती. गजा पानाच्या टपरीकडे गेला तेवढ्यात पदूने लोखंडी ट्रंक स्वतःच उचलली आणि चार पावलांवर नेऊन ठेवली. ठेवताना तो जरासा थांबला, इतकंच.

मग गजा आला आणि दोघं मस्कतच्या उन्हाच्या गप्पा मारू लागले. शकू मागे उभी होती. पदूच्या नव्या फिकट पँटवर मांडीपासून खाली एक गडद डाग पसरत होता. पसरत पसरत तो गुडघ्यापर्यंत आला. पदू हसत बोलतच होता.

 शकू झपकन पुढे झाली, खांद्यावरचा टॉवेल तिने त्याच्या कमरेला गुंडाळला आणि त्याला ट्रंकेवर बसवलं.

"काय गं?"

"खाली बगू नका."

त्याने बघितलंच. मग हात लावला. ओला हात तो बघत राहिला.

"मला कळलं नाय," तो म्हणाला. आवाज लहान पोरासारखा झाला होता. "कालपासनं लघवीला झालंच नाय. म्हटलं धांदलीत असंल. बसायची जागा पन बधिर हाय, शकू. दुसऱ्याच्याच अंगावर बसल्यावानी वाटतंय."

मुंबईची गाडी आत शिरली. पदू उठला, दांडी धरली आणि डावा पाय पायरीवर टाकायला गेला. पाय उचललाच नाही. मागची माणसं त्याच्या बाजूने चढू लागली.

"गजाभावजी, टेंपो बगा," शकू म्हणाली. "आमी या गाडीनं जात नाय."

"विमान जाईल," पदू म्हणाला.

"जाऊ दे."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला टाचणी टोचून पाहिली. जांघेत, कुल्ल्यावर, पायावर. पदू छताकडे बघत होता. टाचणी कुठे टोचतेय ते त्याला सांगता येत नव्हतं. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"सरकलेल्या गादीखाली मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्यात. आत्ताच्या आत्ता मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या. आजच ऑपरेशन झालं पाहिजे. उद्यावर गेलं तर हा माणूस असाच राहील."

टेंपोत गादी टाकून त्याला आडवा केला. विमानासाठी ज्या रस्त्याने जायचं होतं त्याच रस्त्याने ते गेले. पदू सगळ्या वाटेत एकच विचारत होता, "पाय हाय ना गं जागेवर?" आणि शकू दर वेळी त्याचं पाऊल उचलून त्याच्या डोळ्यांपुढे धरत होती.

त्या संध्याकाळी ऑपरेशन झालं. लघवीची नळी आषाढापर्यंत राहिली. ती काढल्यावर एका दुपारी त्याने स्वतःहून सांगितलं, "शकू, मला जायचंय," तेव्हा ती भांडं आणायचं विसरून भिंतीशी तोंड करून रडली.

मस्कतची जागा साजगावच्याच दुसऱ्या वेल्डरला मिळाली. गौराबाई पावसाळाभर सुनेशी बोलली नाही. पोराची गाडी हिनेच चुकवली, एवढंच तिला दिसत होतं. कारखान्याने पदूला फाटकावर बसायचं काम दिलं. डावा पाय काही पुरता परतला नाही.

भातकापणीच्या दिवसांत एकदा शकू त्याचे पाय धूत होती. डाव्या टाचेत बाभळीचा काटा आतपर्यंत मोडलेला होता, भोवती पू धरला होता. किती दिवस तो त्यावर चालत होता कोण जाणे.

पदू फाटकावरच्या कुणा ड्रायव्हरची गोष्ट सांगत होता. मध्येच थांबून त्याने विचारलं, "काय झालं गं?"

"काय नाय. तुमी बोला," ती म्हणाली, आणि काटा बाहेर येईपर्यंत तिने मान वर केली नाही.