कुंताबाईची मेंदी

कुंताने पाट्यावर वाटलेली मेंदी वाटीत भरली आणि ओसरीत येऊन बसली. आली फक्त कमळा.

धानाच्या रोवण्यात चिखलाने बोटं कुजू नयेत म्हणून रोवणाऱ्या बायांच्या साऱ्या टोळीला मेंदी लावायची ती कुंतानेच. लग्न होऊन आली तेव्हापासूनचा तिचा हा मान. बाया दाटीवाटीने बसायच्या, हात पुढे करायच्या आणि मनातलं सगळं ओकून जायच्या.

"बाकीच्या कुठी मेल्या?"

"दिव्यानीकडे. नखाले पालिश लावून देऊन राह्यली. म्हणते, आत पाणीच नाई जात."

दिव्यानी म्हणजे भैयाजीची नवी सून. काल आलेली पोरगी! कुंताच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीत वाकल्यावाकल्या तिने तोंड सोडलं.

"त्या शीशीवर लिवलं हाय का, आत का घातलं ते? त्याच बोटानं भात खाता. पोटात जाते ते!"

बोलणं खोटं नव्हतं. चामोर्शीच्या बाजारातल्या त्या स्वस्त बाटल्यांवर धड नावसुद्धा नव्हतं. पण बाया फिदीफिदी हसल्या.

"जळतेस का व बाई?"

जळत होतीच. चिखलातून लाल नखं वर आली की तिच्या डोळ्यांत खुपायची. आपली मेंदी फिकी चढते, म्हणूनच बाया गेल्या, असं तिने ठरवून टाकलं. बाजारातून केस काळे करायच्या पुड्या आणल्या आणि गुपचूप मेंदीत कालवल्या. काय रंग चढला! कमळाची काळीभोर बोटं पाहून एकेक बाई परत आली. शेवटी दिव्यानीही आली. कुंताने तिला मुद्दाम सगळ्यांच्या मागे बसवलं, पण लावली.

दोन दिवसांत दिव्यानीची बोटं टरारून सुजली, फोड येऊन पाणी गळायला लागलं. मेंदी लावलेल्या बाकी कुणाला काही झालं नाही आणि पालिश सगळ्यांत जास्त दिवस तिच्याच नखांवर होतं, तेव्हा दोष सरळ पालिशवर गेला. सासूने बाटल्या उकिरड्यावर फेकल्या. कुंताने मात्र ते फोड ओळखले. मागे एका लग्नासाठी तिच्या नवऱ्याने, हेमराजने, केस काळे केले होते, तेव्हा त्याचे कान अस्सेच फुटले होते. तरी तिने पुड्यांचं नाव काढलं नाही.

त्या संध्याकाळी ओसरी भरली.

"कुंताबाईनं पयलेच सांगतलं होतं," जी ती म्हणत होती. कुंताला हवं होतं ते सगळं समोर बसलं होतं. तेवढ्यात दिव्यानी आली. तिने बोटांवरचं फडकं सोडलं.

"चुकलंच माह्यं, बाई. तुमी सांगून राह्यल्या होत्या, मी आयकलं नाई." तिने हात पुढे केले. "आता तुमचीच मेंदी लावा. थंड वाटन."

कुंताची बोटं वाटीतच राहिली.

"लाव ना व. काऊन थांबली?" कमळा म्हणाली.

कुंताने वाटी मागे सारली.

"नको. यातच हाय ते."

"का हाय?"

"केसाचा काळा रंग. मीच कालवला."

कमळा उठली, अंगणातल्या रांजणाजवळ जाऊन बोटं खसाखसा घासायला लागली. रंग काही उतरत नव्हता. तिच्यामागे दुसरी उठली, मग बाकीच्याही. ओसरीत दिव्यानी तेवढी राहिली, हात तसेच पुढे धरून.