गुळाचं बोट

मी येडबाची घोंगडी बोलतेय. जरा सावकाश बोलते, कंटाळू नका. वय झालंय, आणि अंगावर माती पडायलीय.

माझा जन्म पेडगावचा. येडबाच्या आईनं काळ्या मेंढ्यांची लोकर कातली, सनगरानं विणली, चिंचोक्याची खळ दिली. तेव्हा येडबाला मिसरूड फुटत होतं. त्याच्या खांद्यावर बसले ती बसलेच. पावसात खोळ झाले, रानात अंथरूण झाले. त्याचा लेक हरिओम माझ्यावरच रांगला. फाटले की येडबाची बायको भिवराबाई सुईदोरा घेऊन बसायची. त्या घरात फेकण्यासारखं काही नसायचंच. भाजीचे देठ, केळाची साल, पुडीचं पळसाचं पान, सगळं मेंढरांपुढं. उरलं ते उकिरड्यावर, आणि उकिरडा शेतात.

पुढं लोकर कोणी विचारीना. लोक कातरून वढ्यात टाकू लागले. येडबा मात्र सावळीची लोकर गोणीत साठवायचा. सावळी म्हणजे कळपातली शेवटची काळी मेंढी. ज्यांच्या लोकरीची मी, त्यांच्याच वंशातली. "अजून एकदा कातरली की निकिताला घोंगडी पुरंल," म्हणायचा. निकिता त्याची नात. एवढाच हट्ट होता म्हाताऱ्याचा. सावळी गाभणही होती.

दिवाळीला हरिओमनं परभणीहून ब्लँकेट आणलं. गुलाबी, फुलाफुलांचं. घरात तसली तीन होतीच.

"आबा, ऑफर व्हती. आता तरी ते टोचरं घोंगडं टाका."

"टोचू दे. तुझी माय बी टोचतीच की, चाळीस साल झाले."

"मग मलाबी टाका की उकिरड्यावर!" भिवराबाई म्हणाली. सगळे हसले.

घरात नवं वस्त्र आलं की भिवराबाई त्याला हळदकुंकू लावते, गुळाचं बोट टेकवते, मगच वापरू देते. पण इतक्या नाजूक रंगावर डाग पडंल म्हणून तिनं ते वरच्या पातळ, गुलाबी अक्षरांच्या प्लास्टिकवरच लावलं. सकाळी प्लास्टिक काढलं, आणि पुडीचं पान टाकावं तसं उकिरड्यावर टाकलं.

सावळी गूळ चाटत राहिली. चाटता चाटता प्लास्टिकही तोंडात ओढत गेली. मी वलणीवर होते. पाहत होते. मला ओरडता आलं नाही.

आठ दिवसांत तिचं रवंथ थांबलं, पोट फुगलं. येडबानं तेल पाजलं, पोट चोळलं, मला तिच्यावर घातलं. माझ्याखालीच ती गार झाली. जनावरांचे डॉक्टर भुजंगराव आले. त्यांनी पोट उघडलं. आत प्लास्टिकचा बोळा, आणि एक काळं कोकरू.

बोळ्यावरची गुलाबी अक्षरं भिवराबाईनं ओळखली. 

"म्याच गूळ लावला व्हता वो."

"चांगल्यासाठीच लावला तू, भिवरे," येडबा म्हणाला. हरिओम उठून खड्डा खणायला गेला.

बांधाजवळ खड्डा झाला. येडबानं मला खाली अंथरलं, मायलेकरांना माझ्यात गुंडाळलं. माझं हे शेवटचं काम.

"त्यो बोळा बी टाका आत," भुजंगराव म्हणाले.

"न्हाई. तिच्यासंगं न्हाई."

"मग द्या फेकून तिकडं."

"तिकडं दुसऱ्याची मेंढरं हायती."

"जाळू का, आबा?"

"निकिताच्या नाकात धूर जाईल."



माझं म्हणाल तर मला दुःख नाही. दोन पावसाळ्यांत मी माती होईन, वर गवत येईल, कुणाचं तरी कोकरू ते खाईल. गोणीतली लोकर मात्र अपुरीच राहिली.

येडबा अजून कडेला उभा आहे. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात तो बोळा. लय येळ झाला. त्याचे पाय दुखत असतील. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल, तर सांगा त्याला, तो कुठं ठेवायचा.