पाच वाजून आठ मिनिटं

मी तोचिझावाचं स्टेशन बोलतंय. दचकू नका, बसा. तुमची गाडी यायला वेळ आहे, आणि उद्यापासून इथे गाडीच थांबणार नाही. आज नाही बोललं तर कधी बोलणार?

डोंगरातल्या लाकूडतोड्यांसाठी मला बांधलं. एक फलाट, एक शेगडी, आणि दाराशी निरोपांचा काळा फळा. तेव्हा फोन कुणाकडे होता? चुकामूक झाली की माणसं खडूनं निरोप लिहून जायची. खाली नियम रंगवलेला: ‘सहा तासांनी निरोप पुसला जाईल.’

स्टेशनमास्तर ओबाता म्हणजे घड्याळाचे गुलाम. सिग्नल असो की चहाची किटली, बोट रोखून “ठीक!” असं ओरडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आणि दुसऱ्याचा निरोप वाचणं म्हणजे त्यांच्या लेखी दुसऱ्याच्या घरात डोकावणं. मान वळवून फळा पुसायचे! मला भारी हसू यायचं.

साठ वर्षांपूर्वीचा हिवाळा. सूतगिरणीतली फुसाए, एकोणीस वर्षांची, सकाळपासून येऊन बसली होती. खाणीत काम करणारा त्सुनेओ अकराच्या गाडीनं येणार, आणि दोघं तिच्या बापापुढे उभी राहणार, असं ठरलेलं. बापानं तिची सोयरीक दुसरीकडे जुळवली होती. पण गाडी बर्फात अडकली. “आज येते की नाही, देव जाणे,” ओबाता म्हणाले. अकरालाच तिनं फळ्यावर लिहिलं, ‘त्सुनेओ, मी खालच्या गावात मावशीकडे आहे. तिथे ये. फुसाए.’

पाच वाजले. ओबातांनी मान वळवली, फळा पुसला. “ठीक!”

पाच वाजून आठ मिनिटांनी गाडी आली.

त्सुनेओ उतरला तो थेट फळ्याकडे. “मास्तर, माझ्यासाठी काही निरोप होता का हो?”

“लोकांचे निरोप मी वाचत नाही.”

“पण होता का एखादा?”

पुढचा मार्ग बंद होता, तीच गाडी माघारी निघाली होती. शिटी झाली. ओबाता सिग्नलकडे बोट रोखून उभे राहिले. उत्तर राहूनच गेलं.

“म्हणजे ती आलीच नाही,” पोरगा म्हणाला आणि परत डब्यात चढला.

सकाळी फुसाए धावत आली. “काल तो उतरला का?”

ओबातांचा चेहरा पांढराफटक पडला. “नाही. कुणीच उतरलं नाही.” जन्मभर नियमानं वागलेला माणूस एकदाच खोटं बोलला.

फुसाए बापानं ठरवलेल्या घरी, दूरच्या गावी गेली. पुढच्या वर्षी खाण कोसळली, त्यात त्सुनेओ गेला. काही वर्षांनी ओबाताही वारले.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज पाचाला फळ्यावर खडू करकरतो. हात दिसत नाही. अक्षरं ओबातांची, टपोरी: ‘तो आला होता. पाच वाजून आठ मिनिटांनी. फळा मी पुसला होता.’ गावकऱ्यांनी पुसून पाहिलं, रंग देऊन पाहिला, फळा उलटा टांगला. छे! शेवटी पाचानंतर इकडे कुणी फिरकेना. खरं सांगू? माझ्याही अंगावर काटा येतो. कारण मीही सगळं पाहिलं होतं, आणि मूग गिळून बसलं होतं.

आज माझ्या शेवटच्या दिवसाचे फोटो काढणारे पांगले आणि फुसाए आली. ऐंशीला टेकलेली, नातीचा हात धरून.

“आजी, पाच वाजत आले. चल ना, लोक काहीबाही सांगतात.”

“सांगू देत. मला या फळ्याशी भांडायचंय.”

खडू करकरला. नात किंचाळली. फुसाएनं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

“आला होतास होय रे!” ती मटकन बाकावर बसली. “आणि मी मेली साठ वर्षं तुलाच शिव्या घालतेय.”

खूप रडली. मग उठली, नाक पुसलं, खडू उचलला आणि खाली लिहिलं, ‘ओबातासान, वाचलं. माफ केलेलं नाही. पण आता झोपा.’

अक्षरांवर बोट रोखून ती हळूच म्हणाली, “ठीक.”

नियमानं हा निरोप सहा तासांनी पुसायचा. पुसणारा आता येईलसं वाटत नाही.

ती बघा, तुमची गाडी आली. चढा. उद्या मला पाडायला माणसं येतील. वाटेत ती भेटलीच तर माझं एवढं मागणं त्यांच्या कानावर घाला: फळा काढण्याआधी एकदा वाचा म्हणावं.