वाट रुंद करायची म्हणजे

"डायलेटेशन करावं लागेल," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळलेसुद्धा. बायकोला घेऊन आलेल्या लिफ्ट मेकॅनिकच्या कानांनी मात्र भलतंच ऐकलं. डायलिसिस. त्याचा थोरला भाऊ त्यातच गेला होता.

बायकोला आत नेलं, तसा तो कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालू लागला. बाकावर बूड टेकेना. घास अडकतो म्हणून हिला आणली, आणि हे किडनीवर कसं गेलं? बहिणीला फोन लावला, रिंग जायच्या आत कापला. तिला तरी काय सांगणार? शेवटी त्याने नर्सला गाठलं.

"सिस्टर, दोन्ही किडन्या गेल्या का हो?"

"कोणाच्या?"

"हिच्या. डायलिसिस सांगितलंय ना."

नर्स हसली नाही. "डायलेटेशन, काका. म्हणजे रुंद करणं. अन्ननलिका आकसलीय त्यांची. तोंडातून बारीकसा फुगा आत सोडायचा, अडलंय तिथे फुगवायचा. वाट मोकळी होते."

"मग घास उतरेल?"

"उतरेल. पण पुन्हा आकसू शकते, मग परत यायचं. काका, इतके दिवस जेवत कशा होत्या हो त्या? पाणीसुद्धा जेमतेम जात होतं म्हणे."

जीव भांड्यात पडता पडता राहिला. जेवत कशी होती? त्याला वाढून झालं की ती मागून, आत स्वयंपाकघरात जेवायची. ताट घासल्याचा आवाज आला की तिचं जेवण झालं, असं तो धरून चालायचा. "किती वाळलीस गं!" असं शेजारीण म्हणाली, तेव्हा त्यानेच परस्पर उत्तर दिलं होतं, "छान दिसते की!"

दुपार कलल्यावर तिला बाहेर आणलं. ओठ सुकलेले, डोळे मात्र टक्क जागे. नर्सने चमचाभर पाणी पाजलं. तिने गिळलं, छातीवर हात ठेवून वाट पाहिली, मग आणखी एक चमचा मागितला.

"गेलं," ती पुटपुटली. आणि लाजल्यासारखी म्हणाली, "अहो, भूक लागलीय."

आज पातळच द्या, नर्सने बजावलं. तो धडाधडा जिना उतरून कँटीनमध्ये गेला.

"दूध द्या. गार. पेशंटला हवंय."

"साखर घालू?"

ही दूध गोड पिते की बिनसाखरेचं? मागची रांग चुळबुळू लागली.

"अहो, सांगा ना पटकन!"

"विचारून येतो," तो म्हणाला, आणि रांग सोडून पुन्हा जिना चढू लागला.