दोघींचा तंबू

रूपालीला हवा होता जगातला सगळ्यात हलका तंबू. दुकानात शिरल्या शिरल्या तिने शंभूला तसं सांगूनच टाकलं. म्हापशाला सायकलींचं दुकान चालवणारा हा शंभू स्वतः सायकलवरून डोंगर-रानं पालथी घालणारा माणूस. तो हसला आणि म्हणाला, "बाई, हलका मागाल तर हलका देतो. पण आधी एकदा उभारून बघा."

रूपाली मयेच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा हळर्णला दिलेल्या थोरल्या बहिणीने, जानकीने, स्वतःची एक देऊ केली. ऑपरेशन पार पडलं. डॉक्टरांनी फिरायला सांगितलं, तशी रूपाली आधी मयेच्या तळ्याकाठी पायी फिरू लागली, मग सायकलवरून. खाणी बंद पडल्यामुळे डिचोलीच्या रस्त्यांवर ट्रकांचा धुरळा नव्हता. फेऱ्या लांबत गेल्या. आता तिच्या मनाने घेतलं होतं की सायकलला सामान बांधायचं आणि वाळपईच्या पुढे, शाळेतल्या मैत्रिणीच्या कुळागराजवळ, म्हणजे पोफळीच्या बागेजवळ, नदीकाठी एक रात्र काढायची. डॉक्टर हो म्हणाले होते, फक्त गोळ्या वेळच्या वेळी, पाणी उकळलेलं आणि ओझं बेताचं. नवऱ्याने, निलेशने, एकच अट घातली होती, एकटीने जायचं नाही.

शंभूने दोन तंबू वापरून बघायला दिले. एक एकट्यापुरता, दुमडला की नारळाएवढा. दुसरा दोघांचा, दुहेरी कापडाचा, चांगलाच जड. निलेशने ते गाडीत घातले आणि रूपालीला हळर्णला सोडलं. जानकीच्या घरामागे गावच्या किल्ल्याच्या अंगाला कातळाचा मोकळा सडा होता. तंबू उभारून बघायला त्याहून चांगली जागा कुठली?

सकाळच्या उन्हात दोघी बहिणी सड्यावर गेल्या. हलका तंबू एकाच काठीवर उभा राहायचा, बाकी सगळा भार खुंट्यांवर. पण खाली जांभा दगड. पहिली खुंटी वाकली, दुसरी उडून करवंदीत गेली. तेवढ्यात वारा आला आणि सगळं कापड रूपालीच्या डोक्यावर बसलं.

"गो रूपा, ह्यो तंबू उभो रवतलो काय असोच निजतलो?" जानकी पोट धरून हसत होती.

दुसऱ्या तंबूच्या काठ्या एकमेकींत अडकवून कमानी केल्या, तसा तो खुंट्यांशिवायच उभा राहिला. जानकीने उचलून त्याची जागाही बदलली. मग चपला बाहेर काढून ती आत शिरली आणि पाय लांब करून पडून राहिली. रूपालीही शेजारी पडली. आतलं जाळीचं कापड तोंडापासून दूर होतं, दवाचं पाणी अंगावर गळणार नव्हतं. सगळं मनासारखं होतं, फक्त वजन सोडून.

"हाच बरा आहे," रूपाली म्हणाली. "पण मला झेपायचा नाही."

"मगे अर्धो माझ्या सायकलीर घालूया."

रूपाली उठून बसली. "तू येतलंस?"

"कित्याक नाय? बाजारात भाजी सायकलीनच नेय होतंय ना मी?"

"ताई, तुझ्याकडून अजून किती घेऊ? इतकं दिलंस आणि मला साधे आभारसुद्धा मानू दिले नाहीस. दरवेळी विषय बदलतेस."

जानकी वर कापडाकडे बघत हळूच म्हणाली, "ऑपरेशन झाल्यापासून माका कोण कळशी उचलूक देत नाय. सासू म्हणता बस, घोव म्हणता बस. डॉक्टरान कामाक लाग म्हणून सांगितला, तरी बस! तू बरी होऊन गाव फिरतंस आणि मी घरात बसान दुखणेकरीण. तुका काय द्यायचाच असात, तर माका घेऊन जा."

बहिणीने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. आणि ते देणं आपल्या हातात आहे या विचाराने रूपालीला इतकं बरं वाटलं की तिला रडूही आलं आणि हसूही. तिने जानकीचा हात घट्ट धरला. "आभार मानू?"

"मान एकदाचे!" जानकी म्हणाली. रूपालीने मानले, मनापासून आणि पुष्कळ वेळ. या खेपेला जानकीने मध्येच तोडलं नाही.

जानेवारीत दोघी निघाल्या. काठ्या जानकीच्या सायकलला, कापड रूपालीच्या. साखळीला त्यांनी पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, आणि भाजी खाल्ली, वाळपईच्या बाजारात केळी घेतली. चढावर दोघी उतरून सायकली ढकलत बोलत राहिल्या. ऊन कलायच्या आत नदीकाठी तंबू उभा झाला.

सकाळी रूपालीला जाग आली तेव्हा बाहेरचं कापड दवाने ओलंचिंब होतं, आत मात्र सगळं कोरडं. जानकी गाढ झोपली होती. लग्न झाल्यापासून घरात सगळ्यांच्या आधी उठणारी ती बाई, तोंड किंचित उघडं टाकून लहान पोरीसारखी झोपली होती. रूपाली आवाज न करता बाहेर आली. तिने पाणी उकळलं, आपल्या गोळ्या घेतल्या आणि चहा टाकला. कुळागरातून पाखरांचा गलका सुरू झाला होता.

चहा झाला. तिने बहिणीला हाक मारली नाही. भांड्यावर झाकण ठेवलं आणि ती नदीकडे बघत बसली. झोपू दे तिला पोटभर, चहा काय, पुन्हा गरम करता येईल.