मसाटचा नंबर एक

वाल्मिकला इंटरनेटमधलं सगळं कळत होतं. कळत नव्हते ते फक्त नथूफुवा, आणि धंदा नेमका त्यांच्याच गच्चीवर उभा होता.

धुळ्याकडून येऊन सिल्वासाच्या धाग्याच्या कंपनीत बरीच वर्षं काढल्यावर त्याने नोकरी सोडली आणि मसाट, खडोली, गलोंड्याला बिनवायरीचं नेट द्यायला सुरुवात केली. ते नेट जिथून सुटायचं तो डबा आणि त्याची अँटेना नथूफुवांच्या मसाटच्या तीन मजली चाळीवर. फुवा म्हणजे बायकोच्या फुईचे, म्हणजे आत्या पुतळाबाईंचे, यजमान. माणूस मानाचा भुकेला. लग्नात मानाची टोपी आधी कुणाला मिळाली यावरून ते मांडवाबाहेर जाऊन बसत. लोक म्हणत, भूक लागली की येतील; आणि ते येतही.

नेट घेणाऱ्या प्रत्येकाला आयपी नावाचा आकड्यांचा पत्ता द्यावा लागतो. ज्याचं नेट आधी, त्याचा आकडा आधीचा, असा वाल्मिकचा सरळ हिशेब. हा पत्ता, शेवटचा आकडा ठळक करून, तो स्टिकरवर छापायचा आणि घरातल्या राउटरला चिकटवायचा. फुवांनी नेट उशिरा घेतलं, त्यांना आला अठ्ठावन्न. एक दिवस भाडेकरू संजूच्या खोलीत चहा पिताना फुवांना दिसलं, त्याचा नंबर बारा.

झालं! फोन आला.

"वाल्मिक, भाडेकरू बारा आन् मालक अठ्ठावन्न?"

"फुवा, तो नुसता पत्ता आहे. त्यात लहानमोठं काही नसतं."

"नसतं तर माले एक दे."

"एक नंबर गच्चीवरच्या डब्याचा आहे. सगळ्यांचं नेट त्याच्यातून जातं."

"घर मनं, गच्ची मनी, लाइट मनी, आन् डबा मना पुढे? रविवारपावेतो उतरव त्याले!"

वाल्मिकचं धाबं दणाणलं. खडोलीपर्यंत नजर पोचेल अशी दुसरी गच्ची त्याच्याकडे नव्हती. डबा उतरला की धंदा बसला, आणि पुन्हा कंपनीच्या पाळ्या नशिबी आल्या. तेव्हा अडचणीतले जावई करतात तेच त्याने केलं. तो खोटं बोलला. आत सेटिंगमध्ये अठ्ठावन्नच ठेवलं आणि वर नवा स्टिकर लावला, शेवटी ठसठशीत एक. फुवांनी चष्मा लावून तो वाचला, राउटरला कुंकू लावलं. पुतळाबाईंनी शिरा केला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की मसाटचा नंबर एक कोण.

पुढे फुवांनी नंबराला शोभेल अशी राउटरची साफसफाई काढली. मागच्या बारीक भोकातली धूळ त्यांनी टाचणीने टोकरली, तिथलं रीसेटचं बटन दाबलं गेलं आणि आतली सगळी सेटिंग पुसली गेली. आता नंबर एकने तक्रार कशी करायची? त्यांनी राउटर पिशवीत घालून नाक्यावरच्या कल्पेशच्या मोबाइलच्या दुकानात नेला. कल्पेश सरळ मुलगा. स्टिकरवर होतं ते त्याने जसंच्या तसं भरून दिलं.

त्या दिवसापासून तिन्ही गावांत नेटची रड सुरू झाली. वाल्मिकने डब्याच्या वायरी बदलल्या, डबा बदलला, गलोंड्याच्या खांबावर चढून कावळ्यांना शिव्या दिल्या. गिऱ्हाइकं फोनवर त्याचा उद्धार करत होती. दोघांनी तर दुसरी कंपनी बघायला सुरुवात केली. त्यातही चमत्कार असा, की दुपारी नेट अगदी लोण्यासारखं चालायचं.

चौथ्या दिवशी दुपारी तो फुवांच्या जिन्यावर डोकं धरून बसला. पुतळाबाई चहा घेऊन आल्या.

"डबाले काय दोष देतो बापा? हे सगळी बटनं बंद करून झोपले का गावचं नेट चालतं, उठले का बंद. घरमाबी असंच शे."

वाल्मिक चहा तसाच ठेवून उठला. टीव्हीखालचा राउटर चालू करून त्याची सेटिंग बघतो तर आत खरोखर एक! एका पत्त्यावर दोन घरं झाली होती. गच्चीवरच्या डब्याकडे जायचं तीन गावांचं टपाल फुवांच्या टीव्हीखाली येऊन पडत होतं.

आता खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता. फुवा उठल्यावर त्याने त्यांचे पाय धरले आणि स्टिकरचं खोटं कबूल केलं. डबा आजच उतरतो, हे त्याने मनात धरलंच होतं.

फुवांनी चष्मा लावून राउटरकडे बघितलं.

"म्हंजे मी चालू झालो का मसाट बंद?"

"हो."

"खडोली?"

"तेही."

"गलोंडाबी?"

"गलोंडाही, फुवा."

फुवा खाटेवर टेकले. "इतल्या लग्नांत रुसलो रे भो, एक वाढपीबी थांबना नही," ते हळूच म्हणाले.

वाल्मिकला हसू येणार होतं, पण त्यांचे डोळे बघून आलं नाही. त्याला फार वाईट वाटलं. मांडवाबाहेर बसलेल्या फुवांना बोलवायला तोसुद्धा कधी उठला नव्हता.

"टाक अठ्ठावन्न," फुवा म्हणाले. "लोकाईले कशाले तरास."

तेव्हापासून राउटरचं बटन दाबण्याआधी फुवांचा रोज फोन येतो. "वाल्मिक, चालू करू का रे? गाव बंद नही पडाव ना?" वाल्मिक असेल त्या खांबावरून सांगतो, "करा फुवा, तुमच्याच कृपेनं चाललंय."

मागच्या सोमवारी फोन आला नाही. तिन्ही गावांत नेट झकास चालू होतं, तक्रार एकही नव्हती. तरी वाल्मिकला चैन पडेना. शेवटी त्याने शिडीवर उभ्या उभ्याच फोन लावला.

"फुवा, रुसलात का?"